कडी वाजली, धर

वैशाख लागला की आमच्या दुकानात पत्रिकांचा ढीग पडतो. नांदूरघाटात आमचं कापडाचं दुकान आहे, आणि ज्यानं आपल्याकडे बस्ता बांधला त्यानं पत्रिका आणून द्यायचीच, असा इथला रिवाज. गल्ल्याशेजारी हळदीकुंकवाची बोटं लावलेली पाकिटं एकावर एक चढत जातात. बाहेर डांबर मऊ झालेलं असतं, लिंबाचा उरलासुरला मोहोर ओट्यावर पडतो, झाडला की पुन्हा पडतो, आणि कुठल्या तरी गल्लीतून बँडवाल्यांची तालीम ऐकू येते. मला हा मोसम फार आवडायचा. माणसांनी भरलेलं दुकान, मोडलेल्या साड्यांच्या घड्या, रुसून बसलेली नवरीची मावशी, पुन्हा पुन्हा येणारा चहा. आता मात्र पत्रिका घेऊन कुणी आलं की मी काहीतरी निमित्त काढून आत जाते. पत्रिकेतून गप्पा निघतात, गप्पांतून रुखवत निघतं, आणि रुखवताचं नाव निघालं की माझ्या कानाच्या पाळ्या तापतात.

रुखवत म्हणजे मुलीकडच्यांनी मांडलेली हौस. पुढे लाडू-करंज्यांची ताटं, मागे हातानं केलेल्या वस्तू. मण्यांची बैलगाडी, लोकरीचं तुळशीवृंदावन, सुपारीचे नवरानवरी. मांडून झालं की वऱ्हाडातल्या बायका ओळीनं येतात, वाकून बघतात, एक बोट लावतात आणि विचारतात, "कुणी केलं?" एवढे दोनच शब्द. बारा वर्षांपूर्वी हा प्रश्न मला विचारला गेला आणि मी चुकीचं उत्तर दिलं. उत्तर माहीत नव्हतं म्हणून चुकलं, असं म्हणायची सोय नाही. चांगलं माहीत होतं.

आमचे हे क्रोशानं विणायचे. हे साधं वाक्य लिहायला मला पन्नाशी गाठावी लागली.

यांना बहीण नव्हती. लेकीला शिकवायची हौस सासूबाईंनी या धाकट्या लेकावर भागवून घेतली. आम्ही लिंगायत. गळ्यातल्या इष्टलिंगाचे दोरे त्या घरीच वळायच्या. यांनीही आधी ते वळले, मग क्रोशाची सुई धरली. मी लग्न होऊन आले तेव्हा सासूबाई नव्हत्या. त्यांची सुई होती, पितळी, मधोमध बोटांनी झिजलेली. लग्नाला पंधरा दिवस झाले असतील. दुपारी दुकान बंद करून हे जेवायला आले, जेवले, हात स्वच्छ धुतले, पुसले, तळहाताला पावडर लावली. मला वाटलं, कुठे बाहेर निघाले. तर मांडी घालून बसले आणि पांढऱ्या दोऱ्याची साखळी घालायला लागले. घामानं दोरा मळू नये म्हणून ती पावडर. आणि तोंडानं मोजणं चालू: एक, दोन, तीन... सगळं मोठ्यानं, खुशीत.

मी हसले. आधी हसले, मग घाबरले.

"अवो, कुणी बगितलं तर?"

"बगू दे की. चोरी करायलोय का मी?"

"बाप्या मानसानं सुई घेऊन बसायचं? आन् हळू मोजा, रस्त्यावर ऐकू जातंय."

ते माझ्याकडे बघत राहिले. त्यांना खरंच कळलं नव्हतं. सव्वीस वर्षांच्या माणसाला तोवर कुणी सांगितलंच नव्हतं, की यात काही लपवण्यासारखं आहे. ती लाज मी आणली, दिंद्रुडहून, माहेरच्या भांड्यांबरोबर. त्या दिवसापासून ते मनात मोजायला लागले. ओठ तेवढे हलायचे.

माझं माहेर मोठं. शेतीचं, माणसांचं, मतांचं. थोरल्या भावाच्या, दादांच्या, ओसरीवर सकाळपासून पांढऱ्या कपड्यांतली माणसं बसलेली असायची. आमच्याकडच्या पुरुषांना नाद कमी नव्हते. कुणाला शर्यतीच्या बैलांचा, कुणाला पत्त्यांचा, कुणाला राजकारणाचा. एक काका तर दिवसभर एसटी स्टँडवर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला तालुक्याचं राजकारण समजावायचे, घरात काडी उचलायचे नाहीत. त्यांची कधी कुणाला लाज वाटली नाही. "माणूस नादिक हाय," असं कौतुकानं म्हणायचे. आणि माझ्या नवऱ्याच्या हातून दोऱ्याचं फूल उमललं, की मी दाराकडे बघायची.

हा माणूस घरातलं काही अडवून विणत बसायचा, असंही नाही. दुकान, वसुलीची गावं, लेकीला, गिरिजाला, शाळेत सोडणं, माझ्या शेंगा फोडून देणं, सगळं करून दुपारचा जो तास-दीड तास उरायचा तेवढाच त्यांचा. बाहेर ऊन रणरणतंय, पंखा गरम वारा टाकतोय, गल्लीत कुत्रंसुद्धा नाही. तेवढ्या वेळात त्या सुईचं टोक आतबाहेर व्हायचं. दोऱ्याचा गुंडा स्टीलच्या डब्यात असायचा, झाकणाला भोक पाडलेलं, त्यातून दोरा वर यायचा. तो डबा मी स्वयंपाकघरात साबुदाण्याच्या आणि भगरीच्या डब्यांमध्ये ठेवायची. कुणी अचानक आलं तर दिसू नये म्हणून. संकष्टीला एकदा साबुदाण्याचा डबा माझा मलाच सापडेना.

आणि मग ती कडीची रीत पडली.

आमच्या पुढच्या दाराला लोखंडी कडी आहे. बाहेरच्यानं वाजवली की आतपर्यंत खणखणते. कडी वाजली, की यांच्या हातातलं विणकाम सुईसकट माझ्या मांडीवर यायचं. मी पदर सारखा करून ते धरायची. हे वर्तमानपत्र उघडायचे. मग दार. आलेली बाई म्हणायची, "विणत बसलीस वाटतं?" मी मान हलवायची. पहिल्यांदा कधी झालं ते आठवत नाही, पण पुढे त्यात इतकी सफाई आली, की एक टाका सुटायचा नाही. गिरिजा पाच वर्षांची होती. तिला तो खेळ वाटायचा. बाहुली घेऊन बसायची आणि मध्येच ओरडायची, "आई, कडी वाजली, धर!" आणि बाहुली माझ्या मांडीवर टाकून हसत सुटायची. आम्हीही हसायचो. 

गिरिजा अकरा वर्षांची झाली त्या वर्षी कार्तिकात आम्ही कपिलधारच्या यात्रेला गेलो होतो. दरवर्षीच जातो, पण पाऊस चांगला झालेला, धबधबा अजून चालू होता. दर्शन झालं, प्रसाद झाला, मी गिरिजाला घेऊन बांगड्यांच्या दुकानांवर फिरले, परत आले तरी हे आपले कठड्याला टेकून पाण्याकडे बघताहेत. तासभर. मी वैतागले. "पानी काय पयल्यांदा बगितलं का?" तर म्हणाले, "आगं, टाका खालून वर चढतो, आन् पानी वरून खाली यायलंय. हे जमवायचं कसं?" मी कपाळावर हात मारला.

माघात माझ्या भाचीचं, दादांच्या सुप्रियाचं, लग्न ठरलं. वहिनी म्हणाल्या, "वन्सं, रुखवतात तुमच्या हातचं काहीतरी पायजे बरं का." माझ्या हातचं! माझ्या मांडीवर इतकी वर्षं जे बघितलं होतं, त्यावरून त्या म्हणाल्या. मी "बघू" म्हणाले आणि घरी येऊन यांना सांगितलं. यांचा चेहरा मी विसरणार नाही. कुणी तरी मागितलं होतं.

त्यांनी कपिलधार विणायला घेतली. काळ्या दोऱ्याचा कडा, हिरव्या दोऱ्याची झुडपं, खाली दगडी मंदिर, आणि मधोमध पांढरं पाणी. पाणी तीनदा उसवलं. "हे पानी न्हाई, पडदा वाटायलाय," म्हणायचे आणि ओढून मोकळं करायचे. पंधरा दिवसांचं काम दोन मिनिटांत गुंडा होऊन पडायचं. मी ओरडायची. चौथ्यांदा त्यांनी काम उलटं धरलं, वरून सुरुवात केली, आणि खाली येता येता टाक्यांचे खांब लांब लांब करत नेले. शेवटी दोऱ्याची टोकं बांधलीच नाहीत, तशीच सोडली. हात लावला की ते पाणी हलायचं. मी पोळ्या लाटायची थांबून बघत राहिले. "जमलं का?" त्यांनी विचारलं. मी म्हणाले, "दार लावलंय ना नीट?"

त्या चार महिन्यांत मी काय केलं, तेही सांगते. डबा लपवला. ते बसलेले असताना "डाळ निवडायची राहिली", "गिरिजाचा गणिताचा पेपर हाय, तुमाला काय त्याचं", असं टोचत राहिले. ते सुई ठेवून यायचे, गिरिजाला गणित शिकवायचे, डाळ निवडायचे, मग परत जायचे. मी त्यांना एकदा चहा तेवढा जागेवर नेऊन दिला असेल. संसार आणि छंद यांचा मेळ घालायचा म्हणतात, तो आमच्या घरात एकट्या त्यांनी घातला. मी फक्त पहारा दिला.

लग्न दिंद्रुडला, दुपारच्या मुहूर्ताचं. मंगल कार्यालयाच्या पत्र्याखाली हवा उकळत होती, मोगऱ्याचे गजरे तासाभरात तपकिरी पडले होते, कुलरपुढं म्हाताऱ्या माणसांनी जागा धरल्या होत्या. रुखवताच्या टेबलावर मधोमध कपिलधार. हे टेबलाच्या कोपऱ्याशी उभे होते, चादरीची सुरकुती सारखी करत. नवऱ्याकडच्या बायका आल्या, लाडवांपुढून सरकल्या आणि तिथे थांबल्या. विहीणबाईंनी हळूच बोट लावलं. पाणी हललं. "अगंबाई!" त्या म्हणाल्या. मग मागच्या पुढे आल्या. कुणी फोन काढला. 

"कुणी केलं हो हे?"

वहिनींनी माझ्याकडे बोट दाखवलं. एवढं मान्य करते, की सुरुवात मी केली नाही. पण विहीणबाई माझ्याकडे वळल्या, माझे दोन्ही हात हातात घेतले, आणि पुन्हा विचारलं, "तुमी केलं?" आमचे हे दोन हातांच्या अंतरावर उभे होते. त्यांनी सुरकुती सारखी करणं थांबवलं होतं. बघत होते माझ्याकडे, आणि त्यांच्या चेहऱ्यावर थोडंसं हसू होतं. मला वाटतं, त्यांना वाटत होतं की मी आता सांगेन. त्या हसण्यात आशा होती.

मी म्हणाले, "हो. मीच केलंय."

विहीणबाई यांच्याकडे वळून म्हणाल्या, "नशीबवान आहात हो." आणि हे म्हणाले, "हो ना. तिला लई नाद हाय याचा."

एक क्षणही लावला नाही त्यांनी. कडी वाजली होती, आणि त्यांनी धरायला दिलं होतं.

मी पुष्कळ दिवस स्वतःला समजावलं, की मी त्यांचीच अब्रू राखली. दादांच्या पाहुण्यांत, पांढऱ्या कपड्यांच्या माणसांत, जावई विणकाम करतो म्हणून हसू झालं असतं, ते मी टाळलं. हे अर्धं खरं आहे, आणि उरलेलं अर्धं मला त्याच दिवशी ठाऊक होतं. विहीणबाईंनी हात धरले तेव्हा मला गोड वाटलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या हातांकडे कुणी असं बघत होतं. माझ्या हातांना भाकरी येते, हिशेबाची वही येते, धुणं येतं. त्याबद्दल कुणी कधी त्यांना धरून ठेवलं नव्हतं. ते गोड वाटणं मला सोडवेना. चोरी ती तिथेच झाली.

तेवढ्यावर थांबलं असतं तरी मी आज हे लिहायला बसले नसते. सुप्रियाच्या लग्नाचे फोटो फिरत फिरत गावात आले. आमच्या शेजारी कमलमावशी राहतात. बायकांच्या बचत गटाच्या त्या प्रमुख, स्वभावानं तोफ. पुढच्या महिला दिनाला त्यांनी ठरवलं, की गावातल्या कलावंत बाईचा सत्कार करायचा. ती बाई म्हणजे मी. शाल, नारळ, आणि वर कळस म्हणजे, "पोरींना दोन टाके घालून दाखव सुनंदा. शिकतील बिचाऱ्या."

मला साखळीसुद्धा घालता येत नाही. बारीकसारीक कामात माझी बोटं लाकडी होतात. कार्यक्रमाच्या सकाळी मी नवी साडी नेसून पलंगावर बसले होते. नाही म्हणता आलं असतं. आजारी पडता आलं असतं. खरं बोलायचा तर रस्ता सरळ होता, ओटा उतरून दहा पावलांवर कमलमावशींचं दार. पण मला ती शाल हवी होती.

हे आत आले. माझ्याकडे बघितलं. कपाटातून पट्टी काढली, गिरिजाचा पाय मुरगळला होता तेव्हा आणलेली, ताणणारी. माझ्यासमोर पाटावर बसले.

"उजवा हात दे."

"कावून?"

"मनगट मुरगळलंय म्हन. कुनी टाका घालाय सांगनार न्हाई."

आणि त्यांनी माझ्या धडधाकट मनगटाला पट्टी गुंडाळली. एकसारखे वेढे, एकावर एक, कडेला कड लागलेली, जसं ते सगळंच करायचे. टोक आत खोवलं. मग विचारलं, "लई आवळली न्हाई ना?"



शाळेच्या पटांगणात मांडव होता. कमलमावशींनी माइकवर सांगितलं, की हात दुखत असतानाही बाई आल्या, याला म्हणतात निष्ठा. टाळ्या पडल्या. शाल माझ्या खांद्यावर आली, मोरपिशी, जरीच्या काठाची, आमच्याच दुकानातून नेलेली. यांनीच ती मोजून, घडी घालून दिली होती. मांडवाच्या मागच्या बाजूला हे उभे होते, पुरुष तसे दहाबाराच होते, आणि हात वर करून टाळ्या वाजवत होते. शेजारी गिरिजा. ती तेव्हा बारा वर्षांची. तिचे हात खालीच होते.

नंतर त्यांनी सुई ठेवली. कधी, कसं, काही बोलले नाहीत. भांडण नाही, रुसणं नाही. दुपारी जेवून आडवे व्हायला लागले, बाकीच्या पुरुषांसारखे. एकदा साफसफाईत मी तो भोकाचा डबा काढला तर त्यात खरोखरच साबुदाणा होता. झाकणाच्या भोकाला त्यांनी आतून कागद चिकटवला होता, मुंग्या जाऊ नयेत म्हणून. मी झाकण लावलं आणि डबा जागेवर ठेवला. विचारायला तोंड पाहिजे.

माझं मनगट मात्र अकरा वर्षं दुखत राहिलं. रुखवताची कामं घेऊन बायका यायच्या आणि मी म्हणायची, हात अजून बरा नाही. मग चारचौघांत उजव्या हातानं घागर उचलायची चोरी. लग्नाच्या पंगतीत वाढायला उभी राहिले की कमलमावशी माझ्या हातातली बादली ओढून घ्यायच्या, "तू नगं उचलू." गुडघ्याला लावायचं तेल त्यांनी दोनदा माझ्यासाठी आणून दिलं. खोटं बोलणं एका दमात होतं. ते सांभाळायला किती कष्ट पडतात, हे ज्याचं त्यालाच कळतं. आणि यातलं हसू मला येत नाही असं नाही. येतं. एकटी असले की येतं, आणि अर्ध्यात मोडतं.

आता गिरिजाचं लग्न ज्येष्ठात आहे. लातूरला दवाखान्यात नोकरी करते, मुलगाही तिथलाच. संक्रांतीला आली होती. तिळगूळ वळता वळता मी सहज म्हणाले, "रुखवतात काय काय मांडायचं ते सांग, आपण तयार आणू. हल्ली सगळं मिळतं." ती लाडू वळत राहिली. मग म्हणाली, "मला पप्पांच्या हातचं एक पायजे. कायबी चालेल. नाहीतर टेबलच नको."

"पप्पांचा हात सुटला गं आता."

"सुटला न्हाई आई. तू काढून घेतलास." आवाज चढवला नव्हता तिनं. दवाखान्यात सवय झाली असेल असं बोलायची. "आन् टेबलापाशी कुनी विचारलं तर मी काय सांगू ते आधी ठरव. मी अजून बी कडी वाजली की दचकते, म्हाईत हाय का तुला? लातूरच्या खोलीत बेल वाजली तरी हातातलं खाली ठेवते. मोबाईल असला तरी ठेवते."

मी उठून चुलीपाशी गेले. गूळ लागत होता म्हणून नाही.

ती गेल्यावर मी तो डबा काढला. साबुदाणा दुसऱ्या डब्यात ओतला, कागद खरवडून काढला, भोक मोकळं केलं. केजला गेले तेव्हा दोऱ्याचे गुंडे आणले, पांढरा, लाल, हिरवा, जे दिसले ते. एक आत घातला, दोरा भोकातून वर काढला आणि डबा त्यांच्या दुपारच्या जागेवर ठेवला.  माफी मागायला हवी होती, हे कळतं. पण बारा वर्षं न बोललेली गोष्ट एकदम जिभेवर येत नाही, आणि मी तशी मोठ्या मनाची बाई नाही. चार दिवस डबा तसाच राहिला. पाचव्या दिवशी पावडरचा वास आला.

बोटं आधी ऐकेनात. चष्मा लागलाय, अंगठ्याचा सांधा धरतो. पहिल्या आठवड्यात त्यांनी जे विणलं ते सगळं उसवलं. मग हळूहळू आकार यायला लागला. आमचं दुकान विणताहेत. कपाट, त्यात कापडाच्या ताग्यांच्या रंगीत घड्या, पुढे गल्ला, गल्ल्यावर करंगळीच्या नखाएवढा गिऱ्हाइकाचा चहाचा कप. मी शेजारी बसून पापड मोजते, कुरडया डब्यांत भरते. उन्हाळ्याची ही कामं मी राजरोस गच्चीवर करते. आल्यागेल्याला चव दाखवते, "माझ्या हातच्या हायेत" म्हणते. हे तोंडातून निघालं की मी घाईनं पुढचा पापड उलटते. दार मात्र अजून बंदच असतं. सवयीनं.

गेल्या आठवड्यातली गोष्ट. दुपारचे तीन वाजले असतील. ते ताग्यांची शेवटची ओळ घालत होते, ओठ हलत होते. मी समोर पापड रचत होते. आणि कडी वाजली.

त्यांचा हात पुढे आला. बारा वर्षांनी, विचार न करता, सुईसकट, एक टाका न सोडता. आणि खरं सांगायचं तर माझाही हात पुढे गेला. दोन्ही हात मध्ये भेटले. दोऱ्याचा स्पर्श बोटांना झाला, पावडरचा मऊपणा लागला. त्या क्षणी मला गिरिजा दिसली, पाच वर्षांची, बाहुली घेऊन बसलेली.

मी हात मागे घेतला. उठले, आणि ते सावरायच्या आत दार उघडलं.

कमलमावशी होत्या. गिरिजाच्या केळवणाचं विचारायला आल्या होत्या. उन्हातून आत आल्यामुळे आधी त्यांना काही दिसेना. मग दिसलं. यांच्या हातात काम, हात अजून माझ्या रिकाम्या जागेकडे पुढे केलेला.

"अगं बया! धरली का सुई पुन्हा सुनंदा? मनगट बरं झालं म्हन की!"

"मनगटाला कदीच काही झालं नव्हतं, मावशी."

त्या हसल्या. "काय बी बोलती. पट्टी मी माझ्या डोळ्यानं बगितली की."

"पट्टी होती. हात धड होता. मला विणायला येतच न्हाई. ती कपिलधार यांची होती. पयल्यापासून सगळं यांचंच हाय."

मावशींनी यांच्याकडे बघितलं. आणि हे, काय माणूस आहे, लगेच म्हणाले, "चेष्टा करती ती, मावशी. मी आपलं तिचं धरून बसलो होतो."

मला ते सहन झालं नाही. "धरू नका," मी म्हणाले, "विणा." आवाज चढलाच माझा. खरं बोलतानासुद्धा मी त्यांना हुकूमच सोडला. "बगू द्या त्यांना. विणा."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागानं नाही, आनंदानंही नाही. दुकानात एखादं गिऱ्हाईक साडी काढायला सांगतं, तेव्हा हे खरंच घेणार आहे की नुसत्या घड्या मोडायला लावणार आहे, हे जोखायला ते जसे बघतात, तसे. पुष्कळ वेळ बघितलं. मग तळहात पुसला, पावडर लावली आणि सुई टाक्यात घातली.

कमलमावशी खाली बसल्या.  सुई आत जात होती, दोरा घेऊन बाहेर येत होती. मला वाटलं होतं, बोलून टाकल्यावर हलकं वाटेल. तसं काही वाटलं नाही. तळपायापर्यंत लाज भरली होती, उलट आता ती बघायला माणूसही होतं.

थोड्या वेळानं मावशी म्हणाल्या, "मग ती शाल कावून घेतलीस गं?"

शाल ट्रंकेत आहे. एकदाही पांघरली नाही. यांच्या सुईची गती जराशी मंदावली. त्यांनाही ऐकायचं असावं. इतक्या वर्षांत त्यांनी हे एकदाही विचारलं नव्हतं.

"मला पायजे होती म्हनून," मी म्हणाले.

यांनी मान वर केली नाही. टाके मोजतच राहिले. फक्त आता मोठ्यानं मोजत होते, आणि दार उघडं होतं.